जकुझी बिघडली तर: तंत्रज्ञाला बोलावण्याआधी आणि तो आल्यावर

ठाण्यात घोडबंदर रस्त्याला आणि नवी मुंबईत पाम बीच रस्त्यालगत उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींतील मोठ्या फ्लॅटांमध्ये, न्हाणीघरात किंवा खासगी गच्चीवर, जकुझी बसवलेली आता सहज आढळते. ती दुरुस्त करणारे जाणकार मात्र त्या मानाने फार थोडे आहेत. प्लंबर येतो तो पाइप पाहून जातो, इलेक्ट्रिशियन येतो तो वायर पाहून जातो आणि शेवटी विक्रेत्याने पाठवलेला माणूस दहा मिनिटांत "बोर्ड गेलाय, बदलावा लागेल" असे सांगतो. बोर्ड, म्हणजे टब चालवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट, हा या यंत्रणेतील सर्वांत महाग भागांपैकी एक असल्यामुळे असे निदान ऐकून घेण्यापूर्वी मालकाने एक नियम स्वतःशी पक्का करावा: मोजमाप दाखवल्याशिवाय कोणताही भाग बदलू द्यायचा नाही. मोजमाप कोठे घ्यायचे हे कळण्यासाठी लागणारी बरीचशी माहिती, एकही स्क्रू न उघडता, घरच्या माणसाला आधीच गोळा करता येते. ती कशी करायची आणि आलेल्या तंत्रज्ञाशी व्यवहार कसा करायचा, हे येथे क्रमाने सांगत आहे.

आधी प्रकार ओळखा

ज्यांना आपण सरसकट जकुझी म्हणतो त्या वस्तू प्रत्यक्षात दोन आहेत. न्हाणीघरातील जकुझी म्हणजे जेट बसवलेला बाथटब. तो प्रत्येक वेळी भरायचा आणि वापरून झाल्यावर रिकामा करायचा असतो. त्यात पंप, हवेचा ब्लोअर आणि कधी कधी छोटा हीटर असतो, पण फिल्टर नसतो. गच्चीवरच्या किंवा क्लब हाऊसमधल्या हॉट टबमध्ये तेच पाणी आठवडेच्या आठवडे राहते, म्हणून त्याला फिल्टर, मोठा हीटर, नियंत्रण बोर्ड, तापमानाचे सेन्सर आणि क्लोरीन किंवा ब्रोमीनची गरज असते. फोनवर तक्रार नोंदवताना हा फरक पहिल्या वाक्यात सांगितला नाही, तर चुकीचा माणूस चुकीचे सामान घेऊन येतो आणि त्या फेरीचे व्हिजिट चार्ज आपल्याला भरावे लागतात.

टबाच्या बाजूच्या झाकणामागे किंवा पंपावर एक नामफलक असतो. त्यावरील मॉडेल, अनुक्रमांक, व्होल्टेज आणि हर्ट्‌झ यांचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा. टब परदेशातून आणवलेला असेल तर हर्ट्‌झचा आकडा अवश्य वाचावा. अमेरिकेतील वीजपुरवठा ६० हर्ट्‌झचा, आपला ५० हर्ट्‌झचा. त्यामुळे तेथील पुरवठ्यासाठी बनवलेली मोटर येथे सुमारे सहाव्या भागाने हळू फिरते, जेटचा जोर कमी भासतो आणि मोटर अधिक तापते. शिवाय अशा टबातील ओझोनेटर (पाणी शुद्ध करण्यासाठी ओझोन सोडणारे उपकरण) किंवा छोटा फिरता पंप कधी कधी १२० व्होल्टचा असतो, आणि त्याला आपले २३० व्होल्ट मिळाले की तो जळतो. अशा टबाचा पंप वारंवार जळत असेल तर दुरुस्ती कितीही वेळा केली तरी मूळ कारण तसेच राहणार.

न्हाणीघरातील टबाबाबत आणखी एक अडचण आपल्याकडे हटकून येते. इंटिरियरचे काम चालू असताना टाइल बसवणारा टबाची बाजू सुबक दिसावी म्हणून पूर्ण बंद करून टाकतो आणि पंपापर्यंत हात जायला जागाच उरत नाही. टब नवा असेल तर पंपाच्या बाजूला निदान हात व पाना आत जाईल एवढे काढता येणारे झाकण आग्रहाने ठेवून घ्यावे. आधीच सगळे बंद झालेले असेल, तर पहिल्या दुरुस्तीच्या वेळी एक टाइल कापून तेथे कायमचे झाकण बसवून घेणे शहाणपणाचे, कारण पुढच्या प्रत्येक वेळी फोडाफोडीचा खर्च दुरुस्तीपेक्षा जास्त होतो.

वीज आणि पाणी एकत्र आहे, हे विसरू नये

पाहणी करताना टबाच्या पॅनेलवरचे बटण बंद करणे पुरेसे नसते. टबाच्या स्वतंत्र लाइनचा एमसीबी खाली करावा. बाजूचे झाकण उघडून फक्त डोळ्यांनी पाहण्यासारखे बरेच असते, परंतु टर्मिनलला हात लावणे, वायर सोडवणे आणि मीटर लावणे ही कामे परवानाधारक इलेक्ट्रिशियनचीच आहेत. तीन किलोवॉटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो आणि त्यावर पंपाचा भार वेगळा. म्हणून टबाची लाइन थेट वितरण पेटीतून आलेली, योग्य जाडीच्या वायरची आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने (वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचने) संरक्षित असलीच पाहिजे. गीझरच्या पॉइंटमधून ओढलेली जोडणी दिसली, तर ती आधी बदलून घ्यावी आणि मग बाकीचा बिघाड शोधावा.

पाणी खेचणाऱ्या तोंडावरची जाळी तुटलेली किंवा निघालेली असेल, तर पंप एक क्षणही चालू करू नये. अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रीम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या अशाच तोंडाच्या ओढीत अडकून मृत्यू पावली आणि २००७ साली तिच्या नावाने तेथे या जाळ्यांविषयी कायदा झाला. आपल्याकडे बाजारात मिळणारी कोणतीही जाळी घासून बसवण्याची पद्धत आहे. ती नाकारावी आणि त्या मॉडेलची जाळी येईपर्यंत टब बंद ठेवावा.

पाणी तापत नाही

सर्वाधिक तक्रारी याच असतात, आणि त्यातील अनेक तक्रारींत हीटर पूर्णपणे ठीक असतो. म्हणून प्रथम हिशेब करावा. एक हजार लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यासाठी सुमारे १.१६ युनिट वीज लागते. गच्चीवरच्या टबात १,२०० लिटर पाणी आणि तीन किलोवॉटचा हीटर असेल, तर झाकण लावलेले असतानाही तासाला दोन अंशांच्या आसपासच वाढ होणार. म्हणजे २६ अंशांचे पाणी ३८ अंशांवर न्यायला साडेपाच ते सहा तास लागणारच. झाकण उघडे ठेवून दोन तासांत पाणी तापले नाही, ही तक्रार होऊ शकत नाही. संध्याकाळी व्होल्टेज २०० पर्यंत उतरत असेल तर तोच हीटर जवळजवळ पाव भागाने कमी उष्णता देतो, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. तेव्हा पाणी तापायला लागलेला वेळ लिहिताना व्होल्टेजही लिहून ठेवावे.

न्हाणीघरातील टबाचा हिशेब वेगळा आहे. त्यातील छोटा हीटर गरम पाणी गार होऊ नये एवढ्यासाठीच असतो. थंड पाणी तापवण्याचे काम गीझरचे. अडीचशे लिटरचा टब २७ अंशांवरून ३८ अंशांवर आणायचा तर त्यात ६० अंशांचे सुमारे ८३ लिटर पाणी मिसळावे लागते, आणि घरातील गीझर २५ लिटरचा असेल तर तो तीनदा भरून तापल्यावरही थोडे कमीच पडते. येथे टब बिघडलेला नसून गीझर लहान पडत असतो, आणि हे कोणत्याही तंत्रज्ञाने दुरुस्त करण्याजोगे नाही.

हिशेब करूनही पाणी तापत नसेल, तर पॅनेलवर काय दिसते ते पाहावे. बऱ्याच नियंत्रकांवर 'एफएलओ' किंवा 'एफएल' अशी अक्षरे आली तर हीटरमधून पुरेसे पाणी वाहत नाही असा अर्थ असतो, 'ओएच' म्हणजे पाणी मर्यादेपेक्षा तापले आणि 'डीआर' म्हणजे हीटरच्या नळीत पाणी नाही. प्रत्येक कंपनीची खूण थोडी वेगळी असल्यामुळे पुस्तिका पाहावी, पण प्रवाह कमी असल्याची खूण सर्वांत जास्त वेळा येते आणि तिचे कारण बहुधा फिल्टर असते. एमसीबी खाली करून फिल्टर काढावा, फिल्टरविनाच टब पुन्हा चालू करून थोडा वेळ पाहावे. खूण गेली आणि हीटर सुरू झाला, तर दोष फिल्टरचाच. तो धुवावा, आणि धुऊनही कापड घट्ट व तेलकट राहत असेल तर नवा घ्यावा. ही तपासणी फुकट आहे आणि ती न करता बोलावलेला तंत्रज्ञ आल्यावर नेमके हेच करतो. फिल्टर काढलेल्या अवस्थेत टब अधिक वेळ चालवू नये, कारण कचरा थेट पंपात जातो.

पाणी नुकतेच बदलले असेल तर पंपात हवा अडकलेली असू शकते. पंपाचा आवाज येतो, पण जेटमधून पाणी येत नाही किंवा धडधडत येते. अशा वेळी पंप बंद ठेवून त्याच्या वरच्या बाजूचे युनियन (पाइप जोडणारा, फिरवून उघडता येणारा सांधा) किंचित सैल करावे, हवेचा फुसफुस आवाज थांबून पाणी पाझरू लागले की पुन्हा हाताने घट्ट करावे. मागच्या दुरुस्तीनंतर लगेच प्रवाह कमी झाला असेल, तर पंपाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत का ते पाहावे. काम झाल्यावर त्यातला एखादा अर्धवट उघडा राहून जातो.

यापुढची पायरी इलेक्ट्रिशियनची. तीन किलोवॉटच्या हीटरमधील एलिमेंटचा, म्हणजे प्रत्यक्ष तापणाऱ्या भागाचा, रोध मीटरवर साधारण १७ ते १८ ओहम यायला हवा. मीटरवर आकडाच येत नसेल तर एलिमेंट तुटलेले आहे. आकडा बरोबर आला आणि हीटर चालू असायला हवा त्या वेळी त्याच्या टर्मिनलवर व्होल्टेजच येत नसेल, तर मग बोर्ड, रिले (बोर्डावरचा, हीटर चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज किंवा सेन्सर यांची चौकशी सुरू करावी. या दोन आकड्यांशिवाय "हीटर गेला" किंवा "बोर्ड गेला" या विधानांना आधार नसतो. सेन्सरची शंका असेल तर घरातील साधा थर्मामीटर पाण्यात धरून पॅनेलवरच्या आकड्याशी ताडून पाहावे; दोन अंशांहून अधिक फरक सतत राहत असेल तर ती नोंद तंत्रज्ञाला सांगण्याजोगी आहे.

उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी पडते आणि सोसायट्या टँकर मागवतात, तेव्हा टब टँकरच्या पाण्याने भरू नये, किंवा भरलाच तर पाण्याचा कठीणपणा तपासून घ्यावा. टँकरमधून येणारे बोअरवेलचे पाणी बहुधा कठीण असते आणि तापताना त्यातील चुना एलिमेंटवर पांढऱ्या थराने बसतो. थर जाड झाला की एलिमेंटची उष्णता पाण्यात जात नाही, ते आतल्या आत तापून फाटते आणि वर्षभरात दुसरे एलिमेंट घ्यावे लागते. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान आणि क्लोरीन किमान ३ पीपीएम ठेवले, तर यंत्र आणि त्वचा दोन्ही सुरक्षित राहतात. क्लोरीन खाली गेलेल्या कोमट पाण्यात त्वचेवर पुरळ उठवणारे स्युडोमोनास आणि फुप्फुसांना घातक असलेले लिजिओनेला हे जिवाणू वाढतात. चुना काढायला सायट्रिक ॲसिड वापरायचे असेल, तर पाण्यात क्लोरीन शिल्लक नाही याची खात्री करावी, कारण आम्ल आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू निघतो.

आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडतो

येथे घरच्या माणसाचे निरीक्षण सर्वांत मोलाचे ठरते. आरसीसीबी कोणत्या क्षणी पडतो ते पाहावे. तापमानाची सेटिंग टबातील पाण्याच्या तापमानापेक्षा खाली आणावी, म्हणजे हीटर बंद राहील, आणि फक्त पंप चालवावा. पंप निर्धोक चालला तर सेटिंग वर न्यावी. बोर्डातील रिलेचा 'टक' असा बारीक आवाज येतो आणि त्याच क्षणी आरसीसीबी पडला, तर गळणारा प्रवाह हीटरमधून जमिनीकडे जात आहे हे जवळपास निश्चित होते. पंप सुरू होताच पडला तर मोटर, आणि ब्लोअर किंवा ओझोनेटर सुरू होताच पडला तर ते उपकरण. या तपासणीत टबात कोणीही बसलेले नसावे आणि पाण्याला हात लावू नये, आणि आरसीसीबी एकदोनदा पडल्यावर तो पुन्हा पुन्हा वर करत बसू नये. मिळालेली माहिती पुरेशी असते.

फक्त पावसात पडत असेल तर ओलावा शोधावा. पाम बीचच्या बाजूला खाडीवरून येणाऱ्या खारट हवेने तांब्याच्या टर्मिनलवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, आणि गच्चीवरच्या टबाच्या झाकणात उबेला आलेल्या मुंग्या व पाली बोर्डावर जाऊन मरतात. झाकण उघडल्यावर टॉर्चच्या उजेडात बोर्डाचे कोपरे नीट पाहिले, तर अशा गोष्टी मीटर न लावताही दिसतात. वायर जेथून आत जाते ते भोक ग्लँडने (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने) बंद आहे का, हेही पाहून ठेवावे. उंदीर तेथूनच आत येतात.

एक गोष्ट निक्षून सांगतो. "तोपर्यंत डायरेक्ट करून देतो, चालेल तुमचं" असे म्हणून आरसीसीबी किंवा पाण्याच्या प्रवाहाचा स्विच (हीटरमधून पाणी वाहत नसेल तर हीटर बंद ठेवणारा) बायपास करून देणारा माणूस कितीही अनुभवी असो, त्याला नम्रपणे थांबवावे. ओल्या माणसाच्या शरीरातून वीज जाऊ लागल्यावर ती तोडणारे आरसीसीबी हे एकच साधन आहे, आणि पाण्याच्या प्रवाहाचा स्विच काढला तर हीटर कोरडा जळून टबालाच आग लागू शकते.

जेट, बटण आणि आवाज

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तर बहुतेक वेळा कपॅसिटर (मोटर सुरू होताना तिला जोर देणारा भाग) गेलेला असतो. तो स्वस्त भाग आहे आणि त्यासाठी मोटर बदलण्याची गरज नसते. किंचाळल्यासारखा आवाज बेअरिंगचा. न्हाणीघरातील टबाचे बटण दाबूनही काही होत नसेल, तर बोर्डाकडे जाण्यापूर्वी त्या बटणाखालची बारीक नळी पाहावी. अनेक टबांत हे बटण विजेचे नसून हवेचे असते: बटण दाबले की पेन्सिलीहून बारीक अशा रबरी नळीतून हवेचा धक्का स्विचपर्यंत पोहोचतो. नळी एका टोकाने निसटली किंवा तिला चीर पडली, की सगळा टब मेल्यासारखा वाटतो, आणि ती पुन्हा बसवायला मिनिटभर लागते. तसेच जेट पाण्याखाली बुडलेले नसतील तर पातळीचा सेन्सर असलेले टब पंप सुरूच होऊ देत नाहीत. जेटमधून काळे पापुद्रे येत असतील तर ते पाइपात साठलेल्या साबणाचे व जिवाणूंचे थर असतात. त्यासाठी यंत्रदुरुस्ती लागत नाही, पाइप स्वच्छ करण्याचे द्रावण लागते.

गळती, आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी

गळतीची तक्रार आपल्याकडे बहुधा टबाच्या मालकाकडून येत नाही, ती खालच्या फ्लॅटमधून येते. छतावर ओल दिसली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो पडतो आणि टबाचा मालक दोषी ठरतो, मग गळती टबाची असो, मोरीच्या सांध्याची असो किंवा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची असो. म्हणून पुरावा तारखेसह लिहून ठेवावा.

टब पूर्ण भरून, सर्व यंत्रणा बंद करून पाण्याच्या पातळीवर पट्टी चिकटवावी आणि एका दिवसाने पाहावे. शेजारी त्याच पाण्याची बादली ठेवली तर बाष्पीभवनाने किती उतरते तेही कळते. नंतर तेवढाच वेळ पंप चालवून पुन्हा मोजावे. पंप चालू असताना अधिक उतरत असेल तर गळती दाबाच्या बाजूला, म्हणजे पंपाच्या पुढच्या पाइपांत किंवा जेटमागे. दोन्ही वेळा सारखेच उतरत असेल तर सांधे, टबाचे कवच किंवा पंपाचे सील पाहावे लागते. पाणी उतरत उतरत एका ठरावीक पातळीवर थांबले, तर चीर किंवा सैल झालेला भाग त्या पातळीवरच असतो. पंपाखाली आणि प्रत्येक युनियनखाली कोरड्या वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवावा. काही तासांनी कागदावर उमटलेले डाग कोणत्या सांध्याच्या बरोबर खाली आहेत ते दिसते, आणि त्या कागदाचा फोटो तंत्रज्ञाला पाठवला की तो योग्य मापाची ओ-रिंग (सांध्यातील रबरी कडी) घेऊनच येतो. जुनी गळती असेल तर सांध्याखाली पांढरा चुन्याचा ओघळ वाळलेला असतो. पंप आणि मोटर जेथे जोडलेले असतात त्या फटीतून थेंब पडत असतील तर शाफ्टचे सील गेले आहे. ते वेळेवर बदलले तर मोटर वाचते, नाहीतर पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

तंत्रज्ञ येण्यापूर्वी टब रिकामा करून ठेवू नये. रिकाम्या टबात गळती शोधता येत नाही आणि हीटर चालवून पाहता येत नाही, तरी सोसायटीच्या धाकाने लोक हेच करतात. ओल वाढत असेल तर पाणी गळतीच्या पातळीखाली आणावे आणि बाकीचे राहू द्यावे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या मॉडेल उपविधींनुसार आपल्या फ्लॅटमधील मोरी-नळांमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सदस्याच्या खर्चाने होते. इमारतीच्या गच्चीची व बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीची. टबाच्या पातळीची वरील नोंद कमिटीच्या आणि शेजाऱ्यांच्या हाती दिली, तर कोणत्या बाजूने काम सुरू करायचे यावर वाद घालायला फारसे कारण उरत नाही. गच्चीवर टब बसवताना परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र घेतले नसेल तर ते आता तरी घ्यावे: १,२०० लिटर पाणी म्हणजेच १,२०० किलो, त्यात टबाचे आणि माणसांचे वजन वेगळे.

फोन आणि भेट

तक्रार सांगताना लक्षण सांगावे, निदान सांगू नये. "हीटर खराब आहे" असे म्हटले की हीटर बदलला जातो. "काल संध्याकाळपासून पॅनेलवर एफएलओ येते, फिल्टर काढला तरी येते, पाणी मागच्या आठवड्यात बदलले" एवढे सांगितले तर समोरचा माणूस विचार करून सामान घेतो. खुणेचा फोटो, आवाजाचा छोटा व्हिडिओ आणि नामफलकाचा फोटो सोबत पाठवावा. व्हिजिट चार्ज किती, दुरुस्ती केली तर तो बिलात वळता होतो का, येणाऱ्या माणसाकडे क्लॅम्प मीटर (वायर न तोडता प्रवाह मोजणारे) आणि मेगर (वीज गळते का ते तपासणारे मीटर) असेल का, हे फोनवरच विचारून घ्यावे. सोसायटीत कामाच्या ठरावीक वेळा आणि दुपारची विश्रांती असते. वॉचमनकडे नाव आधी दिले नाही तर तंत्रज्ञ गेटवर अर्धा तास थांबतो. कळवा-मुंब्र्याहून लोकल आणि रिक्षा करून, किंवा घोडबंदरच्या वाहतुकीतून अवजारांची पेटी घेऊन आलेल्या माणसाला उशीर झाला म्हणून पहिल्याच वाक्यात बोल लावू नये. पाणी, चहा विचारावा, टबाभोवतीची जागा मोकळी करून ठेवावी. अशा ठिकाणी काम नीट होते आणि पुढच्या वेळी तोच माणूस आवर्जून येतो.

काम चालू असताना जवळ थांबावे, पण डोक्यावर उभे राहू नये. वायर सोडवण्यापूर्वी जोडणीचा फोटो काढायला सांगावे. भाग बदलण्याची गोष्ट निघाली की शांतपणे विचारावे: "दादा, मीटर लावून दाखवाल का? किती यायला हवं आणि किती येतंय?" जाणकार तंत्रज्ञाला या प्रश्नाचा राग येत नाही, तो आनंदाने आकडा दाखवतो आणि आपल्यालाही दोन गोष्टी समजतात. जो टाळाटाळ करतो त्याला व्हिजिट चार्ज देऊन निरोप द्यावा. बोर्ड बदलायचा असे ठरले तर आधी बोर्डावरचा फ्यूज आणि हीटरचे टर्मिनल तपासून घ्यावे, कारण सैल स्क्रूमुळे टर्मिनल काळे पडून जळते आणि बोर्ड मेल्यासारखा वाटतो. त्यानंतरही बोर्डच, असे निदान असेल, तर दुसऱ्या माणसाचे मत घेण्याइतका तो खर्च मोठा आहे.

अंदाज लेखी घ्यावा, व्हॉट्सॲपवर का असेना. भागाचे नाव, कंपनी, किंमत, मजुरी आणि दोन्हींवरची हमी त्यात वेगवेगळी असावी. आगाऊ रक्कम भागाच्या किमतीपुरतीच द्यावी. काढलेला जुना भाग आपल्याकडे ठेवून घ्यावा. पुढे वाद झाला तर तोच पुरावा असतो. काम झाल्यावर आरसीसीबीचे 'टेस्ट' बटण दाबून तो पडतो का ते पाहावे, कागद पुन्हा सांध्यांखाली पसरावा आणि तापमानाची वाढ तासभर मोजावी. तंत्रज्ञाला तासभर थांबणे शक्य नसेल तर बाकी रक्कम त्या मोजणीनंतर देण्याचे आधीच ठरवावे. जीएसटीचे बिल घ्यावे. थोडे पैसे वाचवण्यासाठी बिल सोडले की हमीही सुटते.

एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, घ्यावी का, हा प्रश्न नेहमी येतो. गच्चीवरच्या टबासाठी पावसाळ्यापूर्वीची आणि पावसाळ्यानंतरची अशा दोन तपासण्या, एलिमेंटचे मेगरने मोजमाप आणि सील-ओ-रिंग यांचा समावेश लेखी असेल तर जरूर घ्यावी. फक्त 'वर्षातून चार भेटी' लिहिलेली एएमसी घेऊ नये. न्हाणीघरातील टबाला तिची गरज सहसा पडत नाही.

काम बिघडले तर

त्याच दोषासाठी पुन्हा बोलावताना प्रत्येक वेळी तक्रार क्रमांक मागावा आणि फोननंतर त्याच मजकुराचा ईमेल करावा. उत्तर येत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. बरीच प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे विक्रेत्याचे कार्यालय दिल्लीत किंवा बंगळुरूत असले तरी अडत नाही. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ठाणे, वाशी, नेरुळ, बेलापूर येथील रहिवाशांचा जिल्हा ठाणे. खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात येतात, म्हणून तेथील रहिवाशांनी रायगडच्या आयोगाकडे तक्रार करावी. तक्रारीसोबत बिल, लेखी अंदाज, मीटरच्या आकड्यांचे फोटो आणि पातळीची तारीखवार नोंद जोडावी, आणि काढलेला जुना भाग निकाल लागेपर्यंत जपून ठेवावा.